अर्धा फूट पाणी

“टाकी हलकी हवी, चौथ्या मजल्यावर न्यायची आहे,” असा फोन आला की मी आधी मासा कोणता ते विचारतो. उत्तर बहुधा ऑस्कर, अरोवाना नाहीतर ‘शार्क’. दुकानात चार इंचांचा ‘शार्क’ म्हणून मिळतो तो पंगास. हॉटेलात त्यालाच बासा म्हणतात आणि तो मीटरभराच्या वर वाढतो. ‘पिरान्हा’ सांगून विकलेलं पिल्लूही पुष्कळदा मासळी बाजारातलं रूपचंद निघतं. या दोघांसाठी घरातली टाकी करायला मी सरळ नाही म्हणतो. ऑस्कर फूटभर होतो, सिल्व्हर अरोवाना घरातही अडीच फुटांपर्यंत जातो. त्यांचं जमवता येतं.

अरोवानाचंच घ्या. त्याला अंग न दुमडता वळता आलं पाहिजे, म्हणून टाकीची समोरून मागे रुंदी निदान त्याच्या पूर्ण वाढीएवढी हवी. लोक मात्र लांबी आणि उंची बघतात; रुंदी सोफ्याला अडते म्हणून दीड फुटावर आणतात. मी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच असं माप धरतो. काठोकाठ भरली तर साडेआठशे लिटर पाणी, म्हणजे साडेआठशे किलो.

आता हलकेपणाचा हिशेब. १२ मिलिमीटर काचेत ही टाकी रिकामी सुमारे १३५ किलो भरते. तितक्याच जाडीचं अ‍ॅक्रिलिक घेतलं तर ६५. सत्तर किलो वाचले, आणि त्यासाठी चांगले जास्तीचे पैसे गेले. त्याऐवजी पाणी अर्धा फूट कमी ठेवा: दोनशे किलोंहून जास्त वजन फुकटात उतरतं. पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो, लांबीशी त्याला देणंघेणं नाही. दोन फुटांचं पाणी दीड फुटांवर आणलं की समोरच्या काचेवरचा एकूण जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. अरोवाना पृष्ठभागालगत फिरणारा मासा, त्याला खोल पाण्याचं अप्रूप नाही. वर उरलेली मोकळी जागा उडी मारताना उपयोगी पडते. तरी झाकण हवंच, तेही वजन ठेवून.

स्लॅबलाही हेच गणित लागू. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात. दीड फूट पाणी त्याच जागेवर साडेचारशे टाकतं. म्हणून टाकी बीमवर किंवा भिंतीलगत ठेवायची आणि इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवायचं. खोलीच्या मधोमध पार्टिशन म्हणून टाकी? नको.

राहिला जिन्याचा प्रश्न. त्याला माझं उत्तर अ‍ॅक्रिलिक नाही. काचा सुट्ट्या वर न्या, हॉलमध्येच जोडा. तळाची सर्वांत मोठी काच एकेचाळीस-बेचाळीस किलोंची, दोन माणसं आरामात नेतात. काचेच्या कडेवर सिलिकॉनची सलग रेघ ओढायची, काच बसवून दाबायची; कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन चकाकी जाण्याआधी बोटाने पुसून घ्यायचं. घरभर व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो गेल्याशिवाय पाणी भरायचं नाही. मी आठवडाभर थांबतो. बाथरूमसाठीचं बुरशीनाशक सिलिकॉन वापरू नका, माशाला ते विष आहे.

अ‍ॅक्रिलिक मी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना सुचवतो, कारण त्यांना दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं असतं. ते ठोकर सोसतं, पण ओरखडे लगेच धरतं: स्पंजात वाळूचा एक कण अडकला की रेघ उमटलीच. त्याला तळाला सगळीकडून टेकू लागतो आणि वरच्या कडेला पट्टी, नाहीतर पोट सुटतं. कोई किंवा मोठे गोल्डफिश पाळायचे असतील तर मात्र या सगळ्याचा विचारच करू नका, मत्स्यबीज केंद्रात वापरतात तसा फायबरचा टब घ्या. काचेच्या मानाने हलका, फुटत नाही आणि हे मासे वरूनच देखणे दिसतात. लोकांना तो बैठकीत शोभत नाही असं वाटतं. गॅलरीत ठेवा, उन्हाला वर जाळी बांधा.

आणखी एक. मोठा मासा घाणही मोठी करतो, त्यामुळे आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलावंच लागतं; सहाशे लिटरमधून दोनशे, म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या. तेव्हा स्टँडची उंची ठरवताना टाकीचा तळ मोरीच्या उंबऱ्यापेक्षा फूट-दीड फूट वर येईल असं बघा. पाइप लावला की पाणी आपोआप निघून जातं.