रुळांखालची माती

गेल्या आषाढांत नागपुराहून रात्रीच्या गाडीनें परत येत असतां बडनेऱ्याच्या पुढें कोठेंसें गाडीची चाल एकाएकीं मंदावली. समोरच्या बाकावरील एक सुशिक्षित व सुखवस्तु दिसणारे गृहस्थ कांहीं वेळ चुळबुळ करीत राहिले, त्यांनीं दोनदां घड्याळ पाहिलें, आणि अखेर आमच्याकडे वळून ते म्हणाले, "स्टेशन नाहीं, सिग्नल नाहीं, मग ही मुंगीच्या पावलांनीं कां चालली आहे?" बाहेर पाऊस पडत होता. खिडकीच्या कांचेला कपाळ लावून आम्हीं पाहिलें, तों रुळांच्या कडेला हातांत दिवा घेतलेला एक माणूस गाडीकडे तोंड करून उभा असलेला क्षणभर दिसला व मागें गेला. गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. परंतु तें द्यावयाचें म्हणजे तें आम्हांस कोठून ठाऊक झालें हेंहि सांगणें प्राप्त होतें. आणि तें सांगण्याची संवय आमच्या जिभेस नव्हती. "असेल कांहीं," एवढेंच आम्हीं म्हटलें. त्या दोन शब्दांनीं पुढें कितीतरी वेळ आमची झोंप उडविली.

आगगाडीचा रस्ता लोखंडाचा असतो, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. ती अर्धीच खरी. लोखंडी रूळ स्लीपरांवर असतात, स्लीपर खडीवर, खडी भरावावर, आणि भराव शेवटीं त्या त्या मुलुखाच्या मातीवर. सगळा भार ज्या मातीवर येतो तिचें नांव वेळापत्रकांत कोठें नसतें. वऱ्हाडांतील काळी माती ही शेतकऱ्याची लक्ष्मी आहे. कापूस तिनेंच पिकवावा. परंतु रेल्वेवाल्यांस तिच्याइतकी लहरी माती दुसरी नाहीं. उन्हाळ्यांत ती आकसते आणि तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात; मृगाचें पाणी पडलें कीं ती फुगते व लोण्यासारखी मऊ होते. जी. आय. पी. रेल्वेचे रूळ १८६७ सालीं नागपुरास पोंचले. तेव्हांपासून ह्या मातीचें व रुळांचें भांडण चालूच आहे. ओल्या मातीवर गाडीचा भार पडला कीं खडी तींत रुतते. रुतल्या जागीं खळगा होतो. खळग्यांत पाणी सांचतें. त्या पाण्यानें माती अधिकच मऊ होते, आणि प्रत्येक चाकाबरोबर चिखल खडींतून वर उसळूं लागतो. वरून नवी खडी टाकावी, तर तीहि हळू हळू गिळली जाते. रूळ एकीकडे अधिक बसतो, एकीकडे कमी. आणि मग त्या जागेवरून गाडी सावकाश नेण्याचा हुकूम निघतो. त्या गृहस्थांस सांगावयाचें तें एवढेंच होतें.

हें ज्ञान आम्हांस कोणत्याहि ग्रंथानें दिलें नाहीं. तें आमच्या वडिलांनीं दिलें. आमचे वडील त्याच मार्गावर गँगचे मुकादम होते. आम्ही त्यांस आबा म्हणत असूं. दहा-बारा माणसें हाताशीं घेऊन कांहीं मैलांचा तुकडा संभाळणें, हें त्यांचें आयुष्यभराचें काम. पहारीनें स्लीपर उचलून धरावयाचा आणि त्याखालीं खडी ठोकून ठोकून बसवावयाची. पावसाचा जोर असेल त्या रात्रीं दिवा घेऊन रूळ पायीं तपासावयाचा. शाळेंत ते चौथीपर्यंतच गेले होते. परंतु एका वळणावरची दुखरी जागा, जुन्या रोग्याची नाडी वैद्यास ठाऊक असावी, तशी त्यांस ठाऊक होती. ते रुळाच्या कडेच्या मातीवर टांच दाबीत, आणि ती उचलल्यावर ठशांत पाणी किती वेळानें जमतें तें पाहत उभे राहत. वरून हुकूम येई तो बहुधा खडी टाकण्याचा. आबा हुकुमाप्रमाणें खडी टाकीत. पण तेवढ्यावर न थांबतां कडेची बुजलेली नाली मोकळी करून घेत, आणि मुरूम मिळेल तेव्हां मुरुमाचा थर देत. "ही माती मोठी लबाड दिसते," असें आम्हीं एकदां त्यांस म्हटलें. आबा म्हणाले, "माती लबाड नाही बापा, तिले पाणी पचत नाही, एवढंच."

अशा आबांस आम्हीं एकदां नाकारलें, हें आज येथें लिहून ठेवणें आम्हांस भाग आहे. आम्ही बी. ए. च्या वर्गांत होतों. हिंवाळ्याचे दिवस होते. आबा आम्हांस भेटावयास म्हणून जिल्ह्याच्या गांवीं आले, ते थेट कॉलेजच्या फाटकाशीं. अंगांत कामावरचा खाकी सदरा, आणि हातांत ज्वारीच्या हुरड्याचें गांठोडें. आमच्याबरोबर एका नामांकित वकिलांचे चिरंजीव होते. त्यांनीं सहज विचारलें, "हे कोण?" आम्हीं उत्तर दिलें, "आमच्या गांवाकडचे एक गृहस्थ आहेत." आबा दोन हातांवर उभे होते; त्यांनीं तें ऐकलें. आमच्याकडे न पाहतां, त्या मुलास नमस्कार करून ते म्हणाले, "हो जी, यायच्याच गावचा हाय मी." गांठोडें आमच्या हातांत देऊन, गाडीची वेळ झाली म्हणून ते तसेच निघून गेले. पुढें घरीं ह्या गोष्टीचा उच्चार त्यांनीं कधीं केला नाहीं. आम्हींहि केला नाहीं.

यथाकाल आम्ही इंग्रजीचे अध्यापक झालों. वाचनाच्या ओघांत सॅम्युएल स्माइल्स ह्यानें १८५७ सालीं प्रसिद्ध केलेलें जॉर्ज स्टीफन्सनचें चरित्र हातीं आलें. लिव्हरपूल व मँचेस्टर ह्या दोन शहरांमध्यें लोहमार्ग घालावयाचा होता, आणि वाटेंत चॅट मॉस नांवाची दलदल आडवी पडली होती. तिचा विस्तार सुमारें १२ चौरस मैल. खोली कांहीं ठिकाणीं ३० फुटांच्या वर. शतकानुशतकें कुजलेलें शेवाळ व झाडपाला पाण्यानें भरून राहिलेला, असें तिचें स्वरूप. १८२५ सालीं हें प्रकरण पार्लमेंटच्या समितीपुढें आलें. स्टीफन्सन हा खाणींतील मजुराचा मुलगा. तो अक्षरें शिकला तींच मुळीं अठरा वर्षांचा झाल्यावर. विरुद्ध पक्षाचे वकील एडवर्ड ऑल्डर्सन हे १८०९ सालचे केंब्रिजचे सीनियर रँग्लर. परांजप्यांमुळें ह्या पदवीचें तेज महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. ऑल्डर्सनसाहेबांनीं त्या गांवढळ उच्चाराच्या माणसाच्या चिंधड्या उडविल्या. मोजणींत चुका खरोखरच राहिल्या होत्या, आणि त्या त्यास कबूल कराव्या लागल्या; पण थट्टा झाली ती चुकांपुरतीच नव्हे. फ्रान्सिस जाइल्स नांवाच्या अनुभवी इंजिनियरानें, शुद्धीवर असलेला कोणीहि इंजिनियर ह्या दलदलींतून रस्ता नेणार नाहीं, अशा अर्थाची साक्ष दिली, आणि तेवढ्या तुकड्याचा खर्च २,७०,००० पौंडांच्या घरांत नेऊन ठेवला. त्या वर्षीं बिल बारगळलें. पुढल्या वर्षीं तें मंजूर झालें, आणि दलदल स्टीफन्सनच्याच वांट्यास आली.

तळ गांठण्याचा हट्ट स्टीफन्सननें धरला नाहीं. माणूस ज्या चिखलांत बुडतो त्याच चिखलावर तो रुंद फळीवरून चालूं शकतो, हें त्यानें ओळखलें. झाडाच्या फांद्या व रानांतील झुडपें विणून केलेले ताटवे त्यानें दलदलीवर पसरले, त्यांवर माती व खडी घातली, आणि सगळा मार्ग तराफ्यासारखा तरंगत ठेविला. मँचेस्टरच्या बाजूच्या कडेला मात्र भराव घालावा लागला, आणि तेथें आठवड्यांमागून आठवडे टाकलेली माती नुसती नाहींशी होत गेली. संचालक हबकले, काम सोडून द्यावें कीं काय, असा विचार निघाला. स्टीफन्सननें चालूच ठेवा म्हणून सांगितलें, आणि एके दिवशीं माती वर दिसूं लागली. १५ सप्टेंबर १८३० रोजीं मार्ग खुला झाला. दलदलीचा खर्च सुमारें २८,००० पौंड आला, असें स्माइल्स सांगतो. त्या मार्गावरून आजहि गाड्या धांवत आहेत.

ही कथा आम्हीं सुटींत घरीं गेलों असतां आबांस मोठ्या रंगांत सांगितली. आमच्या मनांत एक हेतु होता. रँग्लर वकील व निरक्षर मजुराचा मुलगा, ह्यांची जोडी सांगतां सांगतां फाटकाजवळच्या त्या दिवसाची माफी न मागतां मागितल्यासारखी होईल, असा आमचा भ्याड हिशेब होता. आबांनीं सगळें ऐकून घेतलें. वकिलावर त्यांनीं कांहींच शेरा मारला नाहीं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनीं विचारलें, "मंग पाणी कुठी काढलं त्यानं?"

आम्ही चपापलों. कारण तोच भाग आम्हीं नीरस समजून गाळला होता. पुस्तक उघडून तो आम्हांस पुन्हां वाचावा लागला. दोन्ही बाजूंनीं नाल्या खणल्या, त्या पुन्हां पुन्हां बुजल्या. तेव्हां कांहीं ठिकाणीं डांबराचीं रिकामीं पिपें एकापुढें एक जमिनींत पुरून त्यांचाच पाण्याला बोगदा करून दिला, असें तेथें लिहिलें होतें. आबांचा चेहरा खुलला. "हां," ते म्हणाले, "मंग टिकलं असन."

ह्या एका प्रश्नाचें मोल आम्हांस पुढें कळलें. १९२५ सालीं कार्ल टर्झागी ह्यानें व्हिएन्ना येथें मातीच्या यंत्रशास्त्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील एक मुख्य सिद्धान्त साध्या भाषेंत असा आहे: ओल्या चिकणमातीवर भार टाकला कीं तो प्रथम मातीच्या कणांवर येत नाहीं, कणांमध्यें अडकलेल्या पाण्यावर येतो. पाणी जसजसें झिरपून बाहेर पडेल तसतसा भार कणांवर येतो, आणि माती घट्ट होते. परंतु चिकणमातीच्या वाटा इतक्या सूक्ष्म कीं ह्या कामास वर्षेंच्या वर्षें लागतात. म्हणून आजचे इंजिनियर मऊ जमिनींत वाळूचे उभे खांब किंवा झिरपणाऱ्या पट्ट्या घालून पाण्याची वाट जवळची करून देतात. काळ्या मातींत चुना मिसळून तिचें फुगणें कमी करतात. खडी व माती ह्यांच्यामध्यें वाळूमुरुमाचा थर किंवा न कुजणारें कापड घालून दोघांची मिसळ होऊं देत नाहींत. स्वीडनमध्यें रूळ वारंवार घसरत्या जमिनीबरोबर जाऊं लागले, तेव्हां तेथील सरकारी रेल्वेनें एक मंडळ नेमलें. त्याचें काम चालू असतांनाच १९१८ च्या ऑक्टोबरांत येटो येथें भराव खचून गाडी कोसळली, आणि चाळीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १९२२ सालीं ह्या मंडळाचा अहवाल निघाला, आणि ह्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या लेखनांत त्याची गणना होते. मेलेल्या माणसांच्या उशाशीं बसून हें शास्त्र शिकलें गेलें आहे.

त्याच देशांत पुढें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. गटेनबर्गच्या दक्षिणेस लेड्सगोर्ड येथें १९९७ सालीं ताशीं २०० किलोमीटर वेगाच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हां मऊ जमीन विलक्षण हादरूं लागली. सावकाश जाणाऱ्या गाडीखालीं जमीन नुसती किंचित् दबते. पण गाडीचा वेग जमिनींतून लाट पसरण्याच्या वेगाच्या जवळ गेला, कीं गाडी आपल्याच लाटेवर स्वार होते आणि हादरा कितीतरी पटींनीं वाढतो. तेथें वेग कमी करावा लागला, आणि मग चुना व सिमेंट ह्यांचे खांब जमिनींत मिसळून ती बळकट करण्यांत आली. जी जमीन हळू जाणाऱ्यास निमूटपणें वाहून नेते, तीच घाईनें जाणाऱ्यास आपण कोठें आहों ह्याची जाणीव करून देते.

आमचीहि घाई थोडी नव्हती. मुकादमाच्या खोलींतून निघून प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत आम्ही धांवत आलों, आणि पायांखालच्या भरावाकडे पाहण्याची आम्हांस लाज वाटली. आबा गेले त्यास आतां नऊ वर्षें झालीं. फाटकाजवळच्या शब्दांबद्दल क्षमा मागावयाची ती राहिली ती राहिलीच. स्टीफन्सनची कथा सांगून आम्हीं वरून खडी तेवढी टाकली. आंतलें पाणी काढलें नाहीं.

त्या सकाळीं कल्याण जवळ येऊं लागलें, तेव्हां समोरचे गृहस्थ जागे झाले. घड्याळ पाहून ते पुन्हां म्हणाले, "रात्रीं उगीचच वेळ घालविला पहा!" आम्हीं त्यांस सांगितलें, "उगीच नव्हे. तेथें खालीं काळी माती आहे आणि पाणी मुरतें आहे. गाडी जोरांत नेली असती तर रूळ आणखी बसला असता." त्यांनीं आश्चर्यानें विचारलें, "आपण रेल्वेंत होतां काय?"

"नाहीं," आम्ही म्हणालों, "आमचे वडील त्या मार्गावर गँगचे मुकादम होते."

गृहस्थांनीं ह्यांत विशेष असें कांहीं मानलें नाहीं. "असें होय!" म्हणून ते थोडे पुढें सरकले आणि म्हणाले, "मग ती जागा एकदांच कायमची दुरुस्त कां करीत नाहींत?" गाडी कल्याणांत शिरेपर्यंत आम्हीं त्यांस पाण्याची गोष्ट सांगितली.