मोठ्यांचं लहानपण

ठाणे ते बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. आज घोडबंदरचा वळसा घालून जायचं तर तेवीसेक किलोमीटर पडतात. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून गेलं की तेच अंतर बारा किलोमीटरच्या आत येणार आहे. या बोगद्याचं बोरिवलीकडचं तोंड मागाठाण्याला आणि ठाण्याकडचं टिकुजिनीवाडीला. आराखड्यात आणि बातम्यांत सगळीकडे हेच नाव. हजारो कोटींच्या कामाला पत्ता म्हणून एका अम्युझमेंट पार्कचं नाव लागलं, आणि ते कुठे आलं हे ठाणेकरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. घोडबंदर रस्त्यावरून मानपाड्याला आत वळायचं, डोंगराच्या दिशेने जात राहायचं, की आली वाडी. रिक्षावाल्याला तर एवढंही सांगावं लागत नाही.

गावाने कशाकशावर जीव लावला आहे, हे पत्ता सांगण्याच्या पद्धतीवरून कळतं. ठाण्यात एकमेकांना भेटायचं ते तलावपाळीला, घोडबंदर रस्त्यावरची खूण सांगायची ती सूरज वॉटर पार्कची, आणि मानपाड्याच्या आतल्या सोसायट्या 'टिकुजिनीवाडीच्या अलीकडे' किंवा 'पलीकडे'. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, त्यांना परदेशी वळणाची नावं मिळाली, पण लोकांच्या तोंडी राहिली ती जिथे ते कधी तरी पोटभर हसले होते त्या जागांची नावं.

असा जीव का जडतो? राइडच्या उंचीमुळे आणि वेगामुळे, असं पटकन वाटतं. पण मग खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं तेव्हाच जुन्या जागा मनातून उतरायला हव्या होत्या. तिथले रोलर कोस्टर पाहिले की आपल्या लहानपणच्या ड्रॅगन ट्रेनचा वेग बैलगाडीचा वाटतो. तरीही चाळिशी ओलांडलेल्या डोंबिवलीकराला विचारून बघा. इमॅजिकाचं तो कौतुक करील आणि टिकुजिनीवाडीबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाजच बदलेल. कौतुक आणि माया यांतला हा फरक कुठून येतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

आमच्या लहानपणी वॉटर पार्कचा बेत ठरायचा तो मे महिन्यात, मामा-आत्यांची मुलं डोंबिवलीत जमली की. पहाटे उठून पोळी-भाजीचे डबे, थेपल्यांची चळत, चिवडा. स्टेशनवर पोचल्यावर बाबा सगळ्यांना मोजून घ्यायचे. तेव्हा फास्ट लोकल दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ साली खुला झालेला सव्वा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा. एरवी कामावर निघालेली माणसं त्यातून डोळे मिटून जायची. आम्ही मुलं मात्र अंधार झाला रे झाला की घसा फाडून ओरडायचो आणि सबंध डबाभर कुठून कुठून दुसरी मुलं उत्तर द्यायची. दिवसाची पहिली राइड आम्हाला तिकिटाच्या पैशांतच मिळायची. मग ठाण्याला उतरून टीएमटीची बस.

बाबांचं सगळं आयुष्य गाडीच्या वेळेला बांधलेलं होतं. त्यांची सकाळची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, डब्यात उभं राहायची जागासुद्धा ठरलेली. डाव्या मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ ते अंघोळीपुरतं काढत. वॉटर पार्कात ते त्यांनी काढलं, आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि चेन लावली. त्यांच्या सावळ्या हातावर घड्याळाखालच्या कातडीचा गोरा पट्टा मी तेव्हा पहिल्यांदा उन्हात पाहिला. लहान मुलाच्या कातडीसारखा नितळ होता तो.

पाण्यात उतरायचं तर साडी चालणार नव्हती. भाड्याने मिळणारे नायलॉनचे कपडे घालणं सक्तीचं होतं. लग्न झाल्यापासून साडीशिवाय काही न नेसलेली माझी आई निळी विजार आणि सैल टी-शर्ट घालून खोलीच्या दाराशी अडून बसली. टी-शर्ट पुन्हा पुन्हा खाली ओढत राहिली. तेवढ्यात शेजारच्या दारातून आत्या बाहेर आली, अगदी तश्शाच वेशात. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ज्या हसत सुटल्या त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "वहिनी, आरशात बघू नका हो, चला आधी पाण्यात!" असं म्हणत आत्याने आईला हाताला धरून ओढत नेलं. एरवी या दोघींमध्ये मानपानाचं, दिवाळीच्या साडीचं, कुणी कुणाला आधी फोन करायचा याचं केवढं तरी शिल्लक असे. त्या दिवशी त्या गुडघाभर पाण्यात एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवत होत्या.

आणि बाबा. उंच घसरगुंडीच्या टोकाला ते माझ्या मागे उभे होते. खाली बघून त्यांनी आवंढा गिळला, हे मी पाहिलं. "तू हो पुढे, मी आलोच," असं म्हणाले. मी खाली पोचून डोळ्यांतलं पाणी पुसतेय तोवर वरून आवाज आला, "आई गं!" घरात कधी आवाज न चढवणारे बाबा आपल्या आईला हाक मारत घसरत येत होते. ते पाण्यात आपटले, वर आले, केस कपाळाला चिकटलेले, आणि मला म्हणाले, "अजून एकदा?"

माझ्या मते सगळी माया इथून उगवते. घरात माणसं आपल्याला नात्याच्या कपड्यांत भेटतात. आई म्हणजे स्वयंपाकघर आणि अभ्यास, बाबा म्हणजे पगार आणि शिस्त, आजी म्हणजे देव आणि औषधं. उपनगरातल्या दोन खोल्यांच्या संसारात हे कपडे उतरवायला जागाही नसते आणि वेळही नसतो. सकाळची गाडी चुकली की दिवस बिघडतो, आणि बिघडलेला दिवस कुणालाच परवडत नाही. अशा घरातली माणसं एका दिवसापुरती घाबरतात, किंचाळतात, भिजतात, आपल्या आईला हाक मारतात, तेव्हा मुलाला काहीतरी फार मोठं कळतं. हा माणूसही कुणाचा तरी मुलगा आहे. या बाईलाही खेळायला आवडतं. ज्या जागेने हे दाखवलं, ती मूल विसरत नाही.

शास्त्रही याला दुजोरा देतं. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिलं की अनुभव किती वेळ चालला यावर त्याची आठवण ठरत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट, एवढं मनात ठसतं. म्हणून उन्हातली लांबच लांब रांग पुसली जाते आणि घसरगुंडीवरच्या काही सेकंदांना वर्षानुवर्षं धक्का लागत नाही. आमच्याकडे शेवट असायचा तो परतीच्या लोकलचा. खिडकीतून येणारा खाडीचा वारा, ओल्या केसांना येणारा क्लोरीनचा वास, कुणाच्या तरी मांडीवर लागलेली झोप. दिवसभराच्या किंचाळण्यानंतर मोठ्या माणसाच्या अंगाला टेकून इतकं निर्धास्त व्हायला मिळे, की त्या दिवसाला विसरायची सोयच राहत नसे.

वॉटर पार्कचं तिकीट सगळ्यांना परवडायचं नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या किती तरी घरांचं अम्युझमेंट पार्क वर्षातून एकदा, नवरात्रात भरायचं, दुर्गाडीच्या पायथ्याशी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि खाडीकाठी हा किल्ला उभारला. स्वराज्याच्या आरमाराची सुरुवात इथली. वर देवीचं दर्शन घ्यायचं आणि खाली उतरून जत्रेत शिरायचं. टोराटोरा, ब्रेकडान्स, ड्रॅगन ट्रेन, बंदुकीने फोडायचे फुगे, गोडीशेवेचे ढीग, कागदी पिपाण्या. मौत का कुआंच्या लाकडी फळ्यांवरून मोटरसायकल सुसाट फिरू लागली की काठावर ओणवलेले आजोबा आणि नातू यांच्या तोंडांचे आ सारखेच. गाडी भिंतीला धरून राहते ती केवळ वेगामुळे; वेग ओसरला की ती खाली येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच पापणी लवत नाही.

पण जत्रेचा राजा आकाशपाळणा. तो भरण्याची पद्धत मी दर वर्षी न कंटाळता पाहत आले. पाळणेवाला एक पाळणा भरतो, मग चाक अर्धं फिरवून त्याच्या बरोबर समोरचा भरतो. एकाच बाजूला वजन आलं तर चाक त्या बाजूला ओढलं जातं, म्हणून डोळ्यांनीच माणसं तोलत तो सांगतो, "तुम्ही दोघं इथे, हे कुटुंब पुढच्यात." त्यामुळे आधी बसलेल्यांना वर टोकाला जाऊन थांबावं लागतं. फिरण्यापेक्षा हे थांबणंच मला प्रिय. पाळणा थोडा हलत असतो, खालचा गोंगाट बारीक झालेला असतो, आणि रोज ज्याच्या धक्क्यांनी हाडं खिळखिळी होतात ते आपलं गाव समोर शांत पसरलेलं असतं. खाडीचं काळं पाणी, भिवंडीकडे जाणारा पूल, किल्ल्यावरच्या देवळाची रोषणाई. अशा एका थांब्यावर आजीने मला तिच्या माहेरचं नाव सांगितलं होतं. आडनाव नव्हे, नाव, लग्नात बदललेलं. घरात ते कुणीच कधी उच्चारत नसे. पाळणा खाली आला आणि ती पुन्हा सगळ्यांची आजी झाली, पण मला मात्र ती मुलगी कायमची भेटून गेली.

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याचाही एक अर्थ आहे. राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. एका वर्षी ती आपल्या डोक्यावरून जाते, पुढे कधी तरी कपाळाशी येते, आणि एके दिवशी आपण तिच्या वर असतो. जागा बदलत नाही म्हणून आपलं बदलणं तिथे दिसतं. पोरवयात मोठ्या राइडखाली धीर गोळा करायचा, कॉलेजात मित्रांच्या घोळक्यात मागच्या रांगेसाठी भांडायचं, मग आपल्या बाळाला मांडीवर घेऊन टॉय ट्रेनमध्ये बसायचं. आणि शेवटी येतो तो सावलीतला बाक, जिथे कुटुंबातलं एक माणूस सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि चष्मे सांभाळत बसतं.

म्हणून अशी जागा बंद झाली की दुःख होतं ते नुसत्या करमणुकीचं नसतं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. डोंबिवलीहून तिथे जायचं म्हणजे दादरला गाडी बदलायची, बोरिवलीला उतरायचं, बसने खाडीपर्यंत आणि मग लाँचने पलीकडे. एका पिढीला त्याची जाहिरात अजून चालीसकट पाठ आहे. २०२२ मध्ये ते बंद झालं, तेव्हा वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेली माणसंही हळहळली. आई-वडिलांना हसताना जिथे पाहिलं ती जागा गेली, आणि पुष्कळांचे तर तोवर आई-वडीलही गेले होते. व्हिएन्नातला प्राटर बागेतला पाळणा १८९७ चा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली तो जळाला. शहर ढिगाऱ्यात होतं, खायची भ्रांत होती, तरी १९४७ मध्ये तो पाळणा पुन्हा फिरू लागला. पूर्वीच्या तीस डब्यांपैकी पंधराच बसवता आले, तरी फिरू लागला. त्या लोकांना मी मनापासून नमस्कार करते. घरं बांधता बांधता त्यांना कळलं होतं की आपल्या माणसांना हसताना पाहण्याची जागाही बांधावी लागते.

आपल्याकडे घोडबंदरपासून कल्याणच्या खाडीपर्यंत जमिनीला सोन्याचे भाव आले आहेत. मोकळ्या मैदानाकडे पाहताना त्यावर किती मजले चढतील याचा हिशेब आधी होतो. नाट्यगृह आणि वाचनालय यांच्यासाठी आपण भांडतो, ते योग्यच आहे. तितक्याच हिरिरीने जत्रेच्या मैदानासाठी आणि तलावाच्या काठासाठीही भांडायला हवं. परवडणाऱ्या तिकिटात सबंध कुटुंबाला ओरडता येईल अशी जागा प्रत्येक उपनगराला लागते. ज्यांचं सारं आयुष्य वेळापत्रकात जातं त्यांना ती सर्वांत जास्त लागते.

आणि आपल्या हातात असलेलं एक काम तर लगेच करता येईल. येत्या नवरात्रात किंवा मे महिन्यात सगळे निघाल, तेव्हा आईला, सासऱ्यांना, काकूला बाकावर बसवून पिशव्या त्यांच्या मांडीवर ठेवू नका. गुडघे दुखतात, चक्कर येते, आता कसलं वय, असं ती म्हणतीलच. अवघड राइड सोडा. साधा पाळणा निवडा, शेजारी बसा, हात धरा. पिशव्या पाळीपाळीने आपण सांभाळाव्यात. आपल्या मुलांना ती जागा पुढे आठवेल ती तिथल्या यंत्रांमुळे नाही. आपली आजी तिथे पदर तोंडाला लावून हसत होती, म्हणून आठवेल.