अडवणाऱ्यांचा सन्मान

खेळाच्या जगात गुण मिळवणाऱ्याचे नाव लवकर होते. गुण मिळू न देणाऱ्याचे नाव व्हायला वेळ लागतो. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा अशाच एका खेळाडूची आठवण झाली. तो आपल्या देशाचा नाही आणि त्याचा खेळही आपल्या मैदानांवर फारसा खेळला जात नाही. तरीही त्याच्या कारकिर्दीत वसतिगृहातल्या मुलांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

चार्ल्स वूडसन यांचा जन्म १९७६ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, फ्रीमॉन्ट या लहानशा गावी झाला. जन्मतःच त्यांची पावले आत वळलेली होती. आधारपट्ट्या आणि खास बनवलेले बूट यांच्या मदतीने ती सरळ झाली. आई जॉर्जिया यांनी मुलांना एकटीने वाढविले. माझाही उजवा पाय जन्मतः तसाच होता. जिल्हा रुग्णालयात कितीतरी वेळा प्लास्टर चढले आणि उतरले. मी नीट चालू लागलो, पण शर्यतीत कधी उतरलो नाही. शाळेच्या कबड्डी सामन्यांत रेषेबाहेर बसून गुण लिहिणे हेच माझे काम होते. पुढे शिक्षणासाठी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे गेलो तेव्हा १९९७ चा शरद ऋतू चालू होता आणि साऱ्या शहराच्या तोंडी वूडसन यांचे नाव होते. त्यांच्या पायांची हकीगत ऐकली आणि मला न समजणारा तो खेळ मी पाहू लागलो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळवतात किंवा दूरच्या सहकाऱ्याकडे फेकतात. वूडसन ‘कॉर्नरबॅक’, म्हणजे मैदानाच्या कडेचे रक्षक होते. चेंडू झेलायला धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला आपण कोठे वळणार हे ठाऊक असते. रक्षकाला ते ठाऊक नसते. त्याला प्रथम उलट्या पावलांनी मागे सरकावे लागते, समोरच्याच्या कमरेवर नजर ठेवावी लागते आणि तो वळताच क्षणात स्वतःही वळून त्याच्या बरोबरीने धावावे लागते. एक पाऊल चुकले तर हजारो लोकांसमोर त्याची फजिती होते. उलट, त्याने आपले काम चोख केले तर विरोधी संघ त्याच्या बाजूला चेंडू फेकणेच टाळतो. मग सामन्याच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढची जागा रिकामी राहते. गुणलेखनाचे काम केलेल्या मला या रिकाम्या जागेने फार विचार करायला लावले. जे घडू दिले नाही, ते कोणत्या रकान्यात लिहावे?

ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे या खेळातले वैर जुने आहे. ओहायोचा हा मुलगा मिशिगनकडून खेळला. २२ नोव्हेंबर १९९७ रोजी ॲन आर्बरच्या एक लाखाहून अधिक क्षमतेच्या मैदानावर हे दोन संघ भिडले. त्या दिवशी वूडसन यांनी प्रतिस्पर्ध्यांनी लाथाडलेला चेंडू झेलून ७८ यार्ड पळवत नेला आणि गुण मिळविले. शिवाय आपल्या गोलक्षेत्रात फेकलेला चेंडू मध्येच हिसकावून घेतला. मिशिगनने सामना २०–१४ असा जिंकला. त्या हंगामात त्यांनी असे आठ चेंडू अडवून झेलले आणि बाराही सामने जिंकणारा त्यांचा संघ असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत देशात पहिला आला.

त्याच डिसेंबरात त्यांना हाइझमन करंडक मिळाला. १९३५ पासून दिला जाणारा हा महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान प्रामुख्याने बचाव करणाऱ्या खेळाडूला तेव्हा प्रथमच लाभला. टेनेसीचे नामवंत चेंडूफेके पेटन मॅनिंग दुसरे आले. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वूडसन अधूनमधून आक्रमणातही खेळत, चेंडू पळवत. तसे केले नसते, केवळ अडवीत राहिले असते, तर तो करंडक त्यांच्या हाती आला असता का, याची मला शंका आहे. रक्षकाकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी त्यालाही कधीतरी गुण मिळवून दाखवावे लागतात.

म्हणूनच २०१८ साली त्यांना मिळालेला कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमचा मान मला अधिक मोलाचा वाटतो. हे सन्मानदालन अटलांटा शहरात आहे. महाविद्यालयीन खेळ संपल्यावर किमान दहा वर्षे गेल्याशिवाय तेथे कोणाचा विचार होत नाही आणि मैदानावरील कामगिरीबरोबर नागरिक म्हणून त्या व्यक्तीचे पुढचे वर्तनही पाहिले जाते. मधल्या काळात वूडसन यांनी अठरा वर्षे व्यावसायिक फुटबॉल गाजविला, आपल्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयाला संशोधनासाठी वीस लाख डॉलर दिले. २०२१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या सन्मानदालनात प्रवेश करताना त्यांनी व्यासपीठावरून आईसाठी गाणे गायले. आपल्याला कोणी सावरले, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आपल्या शाळेच्या भिंतीवर गुणवंतांच्या नावांचा फलक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी सातवीत असताना एका पावसाळी रात्री तापाने बेशुद्ध पडलो. ओढ्याला पूर आला होता, गाडी येणे शक्य नव्हते. वसतिगृहाच्या रखवालदारकाकांनी मला पाठीवर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. सकाळी ते परत येऊन फाटकापाशी नेहमीच्या जागी उभे राहिले. मी वाचलो, एवढेच घडले. म्हणजे खरे तर काहीच घडले नाही, आणि म्हणून त्याची कोठे नोंदही झाली नाही. काका आज हयात नाहीत. त्यांचे छायाचित्रही शाळेत नाही. पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या मावशी, परीक्षेच्या भीतीने पळून निघालेल्या मुलाला बसथांब्यावरून समजावून परत आणणारे अधीक्षक, यांचीही गत तीच.

माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, प्रत्येकाने अशा एका माणसाचे नाव आणि त्याने काय होऊ दिले नाही, हे चार ओळींत लिहून शाळेकडे पाठवावे. गुणवंतांच्या फलकाशेजारी दुसऱ्या फलकाला पुरेशी जागा आहे. दहा वर्षे थांबण्याचा नियम आपल्याला लागू नाही. आपण आधीच फार थांबलो आहोत.