वरठीवरून गेलेली गाडी

भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी तिथूनच जाते. १८९३ मध्ये याच मार्गावर एका गोऱ्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. हे आपले शाळेतल्या 'केवढे हे क्रौर्य'वाले टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते घरच्यांना परके झाले.

मी भंडाऱ्याचा, ख्रिस्ती, पुण्यात कोड लिहितो. 'किती पैसे मिळाले रे तुम्हाला?' हा प्रश्न ऑफिसात हसत हसत येतो. माझ्याकडे मुद्दे तयार असतात, बग रिपोर्टसारखे, क्रमांक घालून.

टिळकांनी नाव बदललं नाही, अभंग-कीर्तन सोडलं नाही. पत्नी लक्ष्मीबाईंची वाट पाहिली. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. बाप्तिस्म्याला तोवर बावीस वर्षं झाली होती. एवढा धीर माझ्यात कुठून यायचा!

परवा तोच प्रश्न पुन्हा आला. म्हटलं, "मिळतात कसले, दर रविवारी अर्पणाच्या थैलीत टाकावे लागतात." तो हसला. पटलं की नाही, कोण जाणे. त्याचं डिप्लॉयमेंट अडकलं होतं, ते सोडवत आम्ही रात्री दहापर्यंत बसलो.