रफार आणि कळफलक

अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांमधून साधनव्यक्ती म्हणून हिंडताना, शिक्षकांना वर्गात मोबाईल आणि टॅब वापरावयास साहाय्य करण्याचे जे काम माझ्याकडे आले आहे, त्याचा बहुतेक वेळ वाचन-लेखनाच्या पाठात मूल नेमके कोठे अडखळते हे शिक्षकाशेजारी बसून शोधण्यात जातो, आणि तो तेथेच जावा असे माझे मत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. कचेरीचा शिरस्ता निराळा. २०१७ साली 'दीक्षा' हे शैक्षणिक ॲप आले, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड उमटले, २०२१ च्या जुलैत 'निपुण भारत' अभियान येऊन तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठरले. आणि दर खेपेस वरून मागणी झाली ती तक्त्याची, की किती शिक्षकांनी ॲप घेतले आणि किती जण तंत्रस्नेही झाले. ते तक्ते मी बिनतक्रार भरतो. त्यांतून मुलांच्या वाचनाविषयी काही उमगते, असे तक्ता मागणाऱ्यानेही आजवर म्हटलेले नाही.

दुसरीच्या वर्गातील एकच अडचण घ्या. 'सूर्य' हा शब्द कित्येक मुले 'सूयर' असा वाचतात. फळ्यावर रफार य च्या डोक्यावर बसलेला दिसतो, म्हणून मूल आधी य म्हणते आणि मग वरचा र. त्याच्या तर्कात काडीइतकीही चूक नाही. अनुभवी शिक्षिका हा शब्द तोडून, जोडून, टाळी वाजवून परोपरीने समजावीत असतात, परंतु खडूने एकदा उमटलेले अक्षर स्थिर असते, ते घडत असताना पाहता येत नाही. मोबाईलच्या देवनागरी कळफलकावर मात्र आधी स, मग दीर्घ उकार, मग र आणि त्यानंतर पाय मोडण्याची खूण अशा क्रमाने बोट ठेवीत गेले, की पडद्यावर 'सूर्' उभा राहतो, आणि य दाबण्याचा अवकाश, तो पायमोडका र टुणकन य च्या माथ्यावर जाऊन बसतो. एका शाळेत बाईंनी हे करून दाखविले, तेव्हा मुलांनी य पुसून र खाली आणला, पुन्हा वर धाडला, पुन्हा खाली आणला, आणि मागच्या ओळीतून आवाज आला, "बाई, र तर आधीच व्हता!"

याचे श्रेय त्या मोबाईलचे नव्हे. १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक, १९९१ चे 'इस्की' हे भारतीय मानक आणि पुढे युनिकोड, या साऱ्यांनी देवनागरी वर्ण दिसण्याच्या क्रमाने न साठविता उच्चाराच्या क्रमाने साठविण्याचे धोरण पत्करले, म्हणून पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी काढावी लागत असली तरी येथे व्यंजनानंतर दाबावी लागते. ज्या मुलाने ती आधी दाबली त्याला ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेली अनाथ वेलांटी दिसते, आणि इकाराला आधार लागतो ही गोष्ट कोणी न सांगता त्याच्या ध्यानात येते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचे तसेच. दुसऱ्या शब्दाला निराळा ऱ शोधावा लागतो, आणि सह्याद्रीच्या पोरांना दऱ्यांची ओळख करून द्यावी लागत नाही!

मात्र या प्रयोगाला दोन पथ्ये आहेत. पुष्कळसे शिक्षक स्वतः रोमन अक्षरांतून मराठी उमटवितात. प्रौढांची ती सोय खुशाल राहो, परंतु नुकतीच अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती तो कळफलक देऊ नये. दुसरे असे की शब्द सुचविणारी पट्टी बंद करावी, नाही तर मूल दोन अक्षरे दाबून तयार शब्द उचलते आणि आपण ज्यासाठी हा खटाटोप मांडला ते घडतच नाही. बोलून लिहिण्याच्या सोयीबद्दल मी अधिकच सावध असतो: पोर 'पानी' म्हणते, यंत्र 'पाणी' लिहिते, आणि घरच्या बोलीला मध्येच कोणी मुरड घातली हे पोराला कळतही नाही. प्रमाणभाषा शिकवावी, पण ती बाईंनी, 'पानी' ऐकून घेतल्यावर.

टंकनामुळे हात लिहावयाचे विसरेल, ही ज्येष्ठ गुरुजींची तक्रार मला रास्त वाटते. म्हणून शब्द पडद्यावर एकदा घडला की तो लगेच पाटीवर लिहावयाचा, असा आम्ही परिपाठ ठेविला आहे.

अलीकडे त्याच बाईंनी मला पेचात टाकले. उच्चाराच्या क्रमाने दाबा, असे मुलांना शिकवून झाल्यावर एका मुलीने 'ज्ञान' लिहावयास घेतला, कानाला ऐकू येते त्याप्रमाणे द, न, य इमानाने जोडले, आणि पडद्यावर आले 'द्न्यान'. कळफलकाला हवे होते ज आणि ञ, जे या शब्दाच्या मराठी उच्चारात आता उरलेले नाहीत. येथे कळफलकाचा उपाय चालत नाही, हे मी बाईंना सांगितले. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवून फळ्यावर ज्ञान, विज्ञान, आज्ञा, यज्ञ असे शब्द एकाखाली एक लिहिले आणि वर्गाकडून जुन्या पद्धतीने घोकून घेतले.