सूर्यास्त ते चांदण्या

कंपनीच्या कामासाठी जूनमध्ये इस्रायलला, तेल अवीवशेजारच्या रामात गानला होतो. दुपारी दीडला मजल्यावरचे काहीजण उठून जिन्याजवळच्या रिकाम्या खोलीत जायचे. मला वाटायचं, मीटिंग असेल. ती होती 'मिन्हा', दुपारची प्रार्थना. सकाळी 'शहरित', रात्री 'मारिव'. आपल्या त्रिकाळ संध्येसारखंच, पण संध्या एकट्यानं होते. इथे सामुदायिक प्रार्थनेला दहाजण लागतात. (सनातनी पद्धतीत फक्त पुरुष मोजतात, हे मला खटकलंच.)

नऊ जमले की कुणीतरी बाहेर डोकावायचा. एकदा मलाच विचारलं, "ज्यू आहेस का?" नाही म्हटल्यावर तो हसून पुढच्या केबिनकडे पळाला. त्या धावपळीचं कारण मागाहून कळलं. माझ्या टीममधल्या एकाचे वडील वारले होते. आई-वडिलांमागे अकरा महिने रोज 'कद्दिश' म्हणतात, आणि दहाजणांशिवाय तो म्हणता येत नाही. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त देवाची स्तुती.

प्रार्थनेच्या वेळांचं गणित मात्र माझ्यातल्या इंजिनिअरला फार आवडलं. उजेडाच्या वेळेचे बारा सारखे भाग करायचे, प्रत्येक भाग एक 'तास'. उन्हाळ्यात तो साधारण सत्तर मिनिटांचा, हिवाळ्यात पन्नासचा! सकाळचा 'शेमा' तिसरा तास संपायच्या आत म्हणायचा. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बाकीच्या प्रार्थना विसरले, तरी शेमा त्यांच्या तोंडी राहिला, असं सांगतात.

एके दिवशी त्या सहकाऱ्यानं मिन्हा मुद्दाम संध्याकाळवर ठेवली आणि मला जवळच्याच बने ब्राकला, त्याच्या सिनेगॉगमध्ये नेलं. मिन्हा सूर्यास्ताआधी, मारिव चांदण्या दिसल्यावर. मधल्या वीसेक मिनिटांत कुणी घरी जात नाही. ग्रंथ उघडतात, जोडीजोडीनं बसतात आणि चक्क भांडतात! आपल्याकडच्या वाचनालयात असा आवाज केला तर बाहेर काढतील. एका कोपऱ्यात 'दफ योमी' चालू होतं, म्हणजे तालमूदचं रोज एक पान, दोन्ही बाजू. पोलंडचे रब्बी मेइर शापिरो यांच्या कल्पनेतून 1923 मध्ये हे सुरू झालं. 2711 पानं, साडेसात वर्षं, आणि जगभर त्या दिवशी तेच पान. तुमची रजा, ताप, डेडलाइन काही असो, उद्या पान पुढे सरकणार.

पाठ संपला. अभ्यासानंतरचा वेगळा कद्दिश असतो. तो म्हणायला माझा सहकारी उभा राहिला. एवढा वेळ तावातावानं वाद घालणारे सगळे गप्प झाले आणि जागच्या जागी "आमेन" म्हणू लागले. खिडकीबाहेर पुरता अंधार झाला होता.