कोंकणकड्याचें छायाचित्र

डोंगरदऱ्यांचीं छायाचित्रें काढण्यासाठीं भटकणाऱ्या माणसाकडे घरांतील वडीलधारी मंडळी थोड्याशा संशयानेंच पाहतात. तीर्थयात्रेला निघालेल्यास सर्वजण हौसेनें निरोप देतात, हवापालटासाठीं जाणाऱ्याचीही व्यवस्था होते. परंतु पाऊस पुरता ओसरलेला नसतांना खांद्याला कॅमेरा अडकवून कड्याच्या टोंकावर जाण्याचें प्रयोजन कोणालाच समजत नाहीं. आमच्या घरीं यासंबंधीं दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला काकूंचा : "डोळ्यांनीं पाहिलेंस ना? मग त्या यंत्राची मध्यस्थी कशाला?" दुसरा पुतण्याचा : "काका, असलीं हजारों चित्रें मोबाईलवर घरबसल्या दिसतात, तुम्ही आणखी एक काढून काय साधणार?" दोन्ही प्रश्न विचार करण्यासारखे आहेत, आणि मला वाटतें, दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें.

निसर्गाचें छायाचित्र हें मुळांत, जो तेथें जाऊं शकत नाहीं त्याच्यासाठीं असतें. कार्लटन वॉटकिन्स हा अमेरिकन छायाचित्रकार १८६१ सालीं कॅलिफोर्नियांतील योसेमिटीच्या खोऱ्यांत गेला, तेव्हां त्याच्यापाशीं १८ इंच बाय २२ इंच आकाराच्या काचेवर चित्र घेणारा प्रचंड कॅमेरा होता. काचेला जागच्या जागीं रसायन लावावयाचें, तें ओलें आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि तंबूच्या अंधारांत लगेच तें उठवावयाचें, अशी त्या काळची रीत. हा सारा बाडबिस्तरा त्यानें खेचरांच्या पाठीवरून नेला. तीं चित्रें पूर्वेकडील शहरांत पोंचलीं. आणि १८६४ सालीं, यादवी युद्ध चालू असतांनाच, अध्यक्ष लिंकन यांनीं तें खोरें लोकांसाठीं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. लिंकन स्वतः तेथें कधींच गेले नव्हते. सगळें श्रेय चित्रांना देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु न पाहिलेल्या दरीविषयीं दूरच्या माणसांच्या मनांत आस्था उत्पन्न करण्याचें काम त्यांनीं केलें, यांत शंका नाहीं.

आमच्या घरीं तेथें जाऊं न शकणारा माणूस म्हणजे आमचे अण्णा. तीस वर्षें त्यांनीं शाळेंत भूगोल शिकविला. फळ्यावर खडूच्या एका ओढींत ते सह्याद्रीची रांग काढीत आणि पश्चिमेकडे ती एकदम तुटते कशी, हें हात खालीं आपटून दाखवीत. मात्र संसार, शिकवण्या आणि भावंडांचीं शिक्षणें यांतून त्यांना तो कडा स्वतः पाहण्यास सवड झाली नाहीं. आतां सवड आहे, पण गुडघे नाहींत. आणि दोन वर्षांपूर्वीं दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याचें निदान झालें. या विकारांत बहुधा कडेची दृष्टि प्रथम जाते व मधली शेवटपर्यंत टिकते. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधाचे थेंब केवळ पुढची हानि लांबवितात. डॉक्टरांचें हें बोलणें अण्णांनीं शांतपणें ऐकलें, आणि घरीं आल्यावर मला एवढेंच म्हणाले, "अरे, कोंकणकडा एकदां नीट दाखव."

म्हणून गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस मी हरिश्चंद्रगडावर गेलों. अकोले तालुक्यांतील पाचनई गांवाहून सोपी वाट आहे. सुमारे १४२४ मीटर उंचीचा हा गड. वर हरिश्चंद्रेश्वराचें दगडी देवालय आहे. जवळच केदारेश्वराच्या गुहेंत कमरेइतक्या थंड पाण्यांत मोठें शिवलिंग असून, भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच आतां अखंड उभा आहे. तेथून पश्चिमेस चालत गेलें कीं जमीन अकस्मात् संपते. कडा केवळ सरळ नाहीं. तो अर्धवर्तुळाकार असून नागाच्या फणीसारखा आंत वळलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले तेथें उघडे दिसतात. दरींतून वर येणाऱ्या वाऱ्याचा झोत इतका जोरदार, कीं गवताची काडी खालीं टाकली तर ती उलट वर येते.

असें स्थळ चित्रांत आणणें कठीण असतें. रुंद भिंगानें सगळा कडा चौकटींत मावतो, पण त्याची खोली नाहींशी होते आणि तो बागेंतल्या बांधासारखा दिसूं लागतो. त्याला माप देण्यास माणूस हवा. दरी पांढऱ्या धुक्यानें भरली असली म्हणजे कॅमेरा त्या पांढऱ्या रंगास करडा समजतो व चित्र काळवंडतें. अशा वेळीं प्रकाश मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. डोक्यावरच्या उन्हांत खडक सपाट भासतो, तिरप्या उन्हांत त्याचा प्रत्येक थर वेगळा होतो. हें सर्व जमेपर्यंत बसून राहावें लागतें. माझ्याबरोबर आलेला पाचनईचा वाटाड्या शांतपणें म्हणाला, "ढगाला घाई करून चालत नाय, दादा. आन् टोकाला जायाचं तर पोटावर झोपून." चित्रासाठीं काठावर उभें राहण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूर्य पाठीशीं वर आला, खालीं दरींत धुकें होतें आणि त्या धुक्यावर माझी छाया पडून तिच्या मस्तकाभोवतीं सप्तरंगी वलय उमटलें. हेंच इंद्रवज्र. विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें याच गडावरून असें संपूर्ण वर्तुळ पाहिल्याचें वर्णन १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधांत केलें आहे; त्यांत त्याच्यासह घोड्याची व बरोबरच्या माणसांचीही छाया पडली होती. धुक्यांतले सूक्ष्म जलबिंदु प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेंच परत पाठवितात, त्यामुळें हें वलय पाहणाऱ्याच्याच मस्तकाभोवतीं दिसतें. मी व वाटाड्या शेजारीं उभे होतों. मला माझ्या डोक्याभोवतीं वलय दिसत होतें, त्याला त्याच्या. चित्र अर्थात् माझेंच निघालें.

घरीं आल्यावर मीं दोन चित्रें मोठ्या आकारांत छापून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलीं. इंद्रवज्राभोवतीं सारें घर गोळा झालें. पुतण्यालाही तें कबूल करावें लागलें. अण्णा मात्र त्यापुढें क्षणभरच थांबले. "छान आहे," ते म्हणाले, "पण यांत तूं आहेस. कडा कोठें आहे?" मग ते दुसऱ्या चित्राकडे वळले. त्यांत काठावर पालथा पडलेला वाटाड्या तिळाएवढा दिसत होता आणि त्याच्या खालीं थरामागून थर उतरत गेले होते. संपूर्ण चित्र त्यांच्या दृष्टींत एकदम मावत नाहीं. म्हणून नकाशा वाचावा तसे ते डाव्या कडेपासून थोडेंथोडें सरकत उजवीकडे आले, पुन्हां डावीकडे गेले. वारा कोणत्या बाजूचा होता, पाण्याच्या धारा कोठून पडत होत्या, खालचें गांव कोणतें, असें एकेक विचारीत गेले. मी सांगत होतों, काकू पोळ्या लाटतां लाटतां ऐकत होत्या, पुतण्या अण्णांचें बोट धरून तें बरोबर जागीं नेत होता. सांगतां सांगतां माझ्या ध्यानांत आलें कीं मला जें चित्रांत आणतां आलें नव्हतें, तेंच अण्णा विचारीत आहेत.

मोबाईलवरील हजारों चित्रांना हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, कारण उत्तर देणारा माणूस तेथें नसतो. आणि डोळ्यांनीं पाहिलेलें आपल्यापाशींच राहतें. तें दुसऱ्याच्या हातीं देण्यास कांहींतरी निमित्त लागतें. आतां अण्णांनीं एक यादी केली आहे : नाणेघाट, सांदण दरी, रतनगड. नांवांपुढें कोणत्या महिन्यांत ऊन तिरपें असेल हेंही त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें आहे. अक्षर पूर्वींपेक्षां मोठें झालें आहे, आणि ओळी उजवीकडे किंचित् खालीं उतरतात. नाणेघाटाला काकूही येणार आहेत.